आळसाचा रोग

"काढ उठाबशा," अण्णासाहेब म्हणाले. "पन्नास."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणत असतील. व्यायामशाळेच्या अंगणात तरणी मुलं उभी होती, उघड्या अंगाची, घामानं चमकणारी. पण व्यायामशाळा चालवणाऱ्या अण्णासाहेबांचं बोट माझ्याकडं होतं. मी दारातच उभी होते, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन.

"मी?"

"तूच. उन्हं वर आली तरी तुझा पत्ता नाही. या आठवड्यातला हा तिसरा दिवस."

"बोटं मिटंनात साहेब. गुडघं धरत्यात. सकाळचं उठवतच नाय."

"काल दुपारी पाट्या वाहत होतीस. मी स्वतः पाहिलं."

"दुपारी सुटतंय."

"सकाळी आजारी आणि दुपारी ठणठणीत." ते मुलांकडं वळले. "हा कोणता रोग म्हणायचा?"

मुलं हसली. मोठ्यानं नाही. शाळेत मास्तरांनी विनोद केल्यावर हसतात तशी.

"हा आळसाचा रोग. या लोकांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्याच्यावर औषध एकच. व्यायाम. काढ."

मी पाटी खाली ठेवली. पदर कमरेला खोचला. आणि काढायला लागले.

का काढल्या? आता कुणी विचारलं तर सांगता येतं. नवरा देवळालीला रस्त्याच्या कामावर होता, कधी काम असायचं, कधी नसायचं. घरात दोन लेकरं. व्यायामशाळेचं काम गेलं तर दुसरं मिळेल याची खात्री नव्हती. हे सगळं खरं. पण त्या सकाळी मी काढल्या त्या एवढ्यासाठी नाही. मला स्वतःलाच वाटत होतं, खरंच आळस असेल.

एक मुलगा मोजायला लागला. एक. दोन. तिसऱ्या बैठकीला डाव्या गुडघ्यात काहीतरी वाजलं. पाचवीला डोळ्यांपुढं पिवळं झालं. मी जमिनीकडं बघत होते. अंगण मीच झाडलेलं होतं, आदल्या दिवशी. झाडूच्या रेघा अजून दिसत होत्या. नववीला खाली गेले ती वर आलेच नाही. आडवी झाले.

तीस-पस्तीस जण असतील. एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा. जोर, बैठका, मुद्गल फिरवून कमावलेले हात. त्यातला एकही हात पुढं आला नाही. येणारच नव्हता. मला कोण शिवणार? ते गोल करून उभे राहिले आणि बघत राहिले, रस्त्यात बैल बसला की लोक बघतात तसे. मी हाताच्या कोपरांवर सरकत भिंतीपाशी गेले. भिंतीचे दगड धरधरून उभी राहिले. याला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. मोजणारा गप्प झाला होता.

"पाहिलंत?" अण्णासाहेब मुलांना म्हणाले. "शरीराला सवयच नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते शिकवत होते. माझ्या उरलेल्या एक्केचाळीस त्यांनी माफ केल्या.

मी बाहेर गेले आणि कामाला लागले.

माझं काम मातीचं होतं. व्यायामशाळेच्या हौद्याला, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याला, तांबडी माती लागते. त्र्यंबकच्या रस्त्याकडून ती बैलगाडीनं यायची आणि भिंतीबाहेर रिकामी व्हायची. मी ती चाळायची. खडे, मुळ्या, काचा वेचायच्या. माती मैद्यासारखी झाली की पाटीनं भिंतीच्या भगदाडापाशी ओतायची. आतला कुणबी गडी ती फावड्यानं आत ओढून घ्यायचा. मग तिच्यात ताक जायचं, तेल जायचं, हळद, कापूर. मुलं ती अंगाला चोळायची, कपाळाला लावायची. मी बोटांनी चाळलेली माती कपाळाला चालत होती. अंगण झाडायला मला दारातून आत यावं लागायचं, तेही मुलं निघून गेल्यावर. हौद्याच्या कठड्याला मात्र माझा पदर लागता कामा नये.

त्या दिवशी दुपारी माझी बोटं सुटली. रोजच्यासारखीच. गुडघेही चालायला लागले. मला बोटांचा इतका राग आला. निदान त्या दिवशी तरी सुटायला नको होती. मी चाळणी हलवत होते आणि मला वाटत होतं, अण्णासाहेब कुठूनतरी बघत असतील. मी मुद्दाम हळू चालले. लंगडले. जे खरं होतं त्याचंच मला सोंग करावं लागलं.

सोंग. हा शब्द मला नवीन नव्हता.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. माझ्या मायचे हात असेच होते. सकाळी ती उठून बसायची नाही. दोन्ही हात काखेत घालून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. डोळे उघडे. दळण मला ओढावं लागायचं. मी एकटी, जातं मोठं. माझ्या तळव्यांना फोड आले होते. आणि दुपारी हीच माय लाकडाचा भारा घेऊन गावात जायची, लोकांच्या वाड्यांमागं गोठे साफ करायची, परत यायची ती सरळ चालत.

एका सकाळी मी जात्यावरून उठले आणि तिच्यासमोर उभी राहिले. म्हणाले, "सोंग करतीस तू. दुपारी कशी चालतीस मग?"

तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी जागी झाले ती जात्याच्या आवाजानं. माय दळत होती. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. मला बरं वाटलं. मी जिंकले असं वाटलं. आता उशिरापर्यंत झोपायला मिळणार म्हणून मी गोधडी डोक्यावरून घेतली.

दोन पावसाळ्यांनी ती तापानं गेली. शेजारणींनी तिला न्हाऊ घातलं. हात छातीवर जुळवायला गेल्या तर बोटं उघडेनात. एकीनं जोर लावला. दुसरी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जित्तेपणी उघडली नाय ती आता काय उघडत्यात." तशाच मुठी ठेवून तिला नेलं.

तिचं लुगडं मला आलं. धुवायला घेतलं तेव्हा पदराचा काठ बघितला. चावून चावून त्याच्या दशा लोंबत होत्या. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "तुला नव्हतं ठावं? तुझ्या आधी उठायची ती. पदर दातात धरून जात्यावर बसायची. वरडली तर तू जागी होशील म्हणून."

मी ते लुगडं नेसले नाही आणि टाकलंही नाही.

माझं दुखणं सुरू झालं ते धाकट्याच्या वेळचं बाळंतपण झाल्यावर. आधी उजव्या हाताची मधली दोन बोटं. मग दोन्ही मनगटं. मग गुडघे, घोटे. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला कळायचं की हात माझे नाहीत. ते मायचे आहेत. रातोरात कुणीतरी आणून माझ्या मनगटांना लावलेत. मी ते काखेत घालून पडायची, अगदी तिच्यासारखी. आणि मग माझा दहा वर्षांचा आवाज ऐकू यायचा. खोपटात मी, लेकरं आणि कोंबड्या, दुसरं कुणी नाही. तरी आवाज यायचा. सोंग करतीस तू. मी कान झाकू शकत नव्हते, हात वर जात नव्हते.

म्हणून मी उठाबशा काढल्या. मला वाटलं, मायला दिलेलं मला परत मिळतंय. बरोबरच आहे.

हे असंच राहिलं असतं. मी अजून माती चाळत राहिले असते आणि अजून स्वतःलाच शिव्या देत राहिले असते. पण दिवाळीनंतर व्यायामशाळेत मुंबईचे एक डॉक्टर भाषणाला आले.

दुपारची वेळ होती. गावातली मोठी माणसं आली होती, खुर्च्या मांडल्या होत्या. मला सांगितलं होतं की धूळ उडेल, माती चाळू नकोस. मी भगदाडापाशी भिंतीला टेकून बसले होते. आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर व्यायामाबद्दल बोलत होते. कुणाला कोणता व्यायाम, कुणाला कोणता नाही. मला निम्मं कळत नव्हतं. डुलकी लागत होती.

मग लोक प्रश्न विचारायला लागले. आणि अण्णासाहेबांचा आवाज आला.

"आमच्या मातोश्रींबद्दल विचारायचं होतं. गेली पाच वर्षं त्यांना सकाळी दोन-दोन तास उठवत नाही. बोटं आखडतात, मूठ मिटत नाही. दुपार झाली की बऱ्या असतात. सूज येते, जाते."

मी सरळ बसले.

"हा संधिवात आहे," डॉक्टर म्हणाले. "सकाळचा ताठरपणा हीच त्याची खूण. दुपारी मोकळं वाटतं म्हणून घरच्यांना कधीकधी वाटतं की रोगी कुरकुर करतो आहे. तसं नसतं. त्यांना सकाळी घाई करू नका. गरम पाण्यात हात ठेवा. मग हलक्या हालचाली, एकेक सांधा. जोरानं काही करू नका. विशेषतः बैठका वगैरे अजिबात नकोत, सांधा कायमचा जाईल."

"हो, हो," अण्णासाहेब म्हणाले. "त्यांना आम्ही फार जपतो. पाणी तापवून देतो. सून पाय चेपते."

पुढं काय झालं मला ऐकू आलं नाही. मी भिंतीला हात लावून बसले होते, आणि भिंतीच्या पलीकडं तो माणूस होता ज्यानं विचारलं होतं, हा कोणता रोग म्हणायचा. त्याला माहीत होतं. पाच वर्षं माहीत होतं. रोज सकाळी तो आईच्या खोलीत जाऊन तिची न मिटणारी मूठ बघत होता, आणि तिथून उठून व्यायामशाळेत येत होता, आणि माझी मूठ बघून मुलांना हसवत होता. घरात रोग. अंगणात आळस. हात तेच.

तोपर्यंत मला वाटायचं, त्यांना माहीत नाही म्हणून ते असं बोलतात. मोठी माणसं, त्यांना आमचं काय कळणार. त्या दुपारी ते गेलं. पूर्ण गेलं.

आणि आणखी एक गोष्ट त्या भिंतीपाशी मला कळली. मी दहा वर्षांची होते तेव्हा सोंग हा शब्द मी कुठून आणला होता? आमच्या महारवाड्यात तो कुणी मायला बोललं नव्हतं. ती ज्या वाड्यांमागं काम करायची तिथं मी तिच्याबरोबर जायची. तिथली बाई ओट्यावरून म्हणायची, "सोंगं करतात मेली कामाच्या वेळेला." मी तो शब्द तिथून उचलून घरी आणला होता. मायच्या अंगावर टाकला होता. त्यांचं काम मी केलं होतं. त्यांना मायच्या खोपटापर्यंत यायचीही गरज पडली नव्हती.

हे कळल्यानं माझा गुन्हा कमी झाला नाही. तो माझाच आहे. पण तो एकटीचा नाही हे कळलं.

आमच्या वाड्यात एक म्हातारा होता. मोठ्या लढाईत तो समुद्रापार बसऱ्याला जाऊन आला होता, म्हणून सगळे त्याला बसरामामा म्हणत. लष्करी इस्पितळात झाडूकामाला नेला होता. माणसं कमी पडली तेव्हा वॉर्डात घेतला. मी संध्याकाळी त्याच्याकडं गेले आणि डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हात दे."

मी हात पुढं केले. त्यानं ते आपल्या मांडीवर घेतले. एकेक बोट, एकेक पेर दाबून बघितलं. मनगट फिरवून बघितलं, मी कण्हले की थांबला. मला आठवत नाही, त्याआधी कुणी माझे हात असे बघितले होते. मला रडू आलं. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

"तिकडं आम्ही हेच करायचो," तो म्हणाला. "गोळ्या लागल्याली मानसं. सांधं आखडल्याली. एक मडम होती, ती शिकवायची. गोऱ्याचा हात हालव, पठाणाचा हालव, बामन शिपायाचा हालव. कुनी म्हनलं नाय, शिवू नको."

"मामा, बरं व्हईल का?"

"नाय. दुखनं जानार नाय. पन हात तुझ्याकडं ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं शिकवायला सुरुवात केली. सकाळी आधी घमेल्यात कोमट पाणी. हात मनगटापर्यंत बुडवून बसायचं. मग पाण्यातच बोटं हलवायची. अंगठा पहिल्या बोटाला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग करंगळीला. पोचत नसला तर जितका जाईल तितका. मग हात घोंगडीवर पालथा ठेवून एकेक बोट उचलायचं. चिंध्यांचा गोळा हळूच दाबायचा. मग बाजेवर बसून एक पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. सूज लाल असली, गरम असली की त्या दिवशी नुसतं हलवायचं, जोर नाही.

मी पहिल्या दिवशी दात खाऊन करायला गेले. त्यानं हातावर चापट मारली. "दुखन्यासंगं कुस्ती खेळायची नाय," तो म्हणाला. "त्याला कळू न देता पुढं सरकायचं."

आठ-पंधरा दिवसांत काही फरक पडला नाही. महिन्याभरानं भाकरी थापताना करंगळी साथीला आली. बस, एवढंच. पण मला ते कळलं.

पलीकडच्या गल्लीतली फातमाबी एकदा सकाळी विस्तव मागायला आली. ती लुगड्याच्या सुताची कांडकी, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरून द्यायची, विणकराच्या घरी. मला घमेल्यात हात घालून बसलेली बघून थांबली.

"ये क्या करती बाई?"

सांगितलं. तिनं आपले हात पदराखालून काढले. बोटं सगळी एका बाजूला कललेली, वाऱ्यानं झोपलेल्या जोंधळ्यासारखी.

"मेरेकू भी सुबे ऐसाच होता," ती म्हणाली. "मालक म्हणतो, कामचोर."

ती खाली बसली. घमेलं एकच होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी थोडी सरकले. तिनं हात घातले. मग दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली. मग आमच्या वाड्यातल्या दोघी. कुणाचे हात, कुणाचे गुडघे, एकीची मान. प्रत्येकीला कुणीतरी आळशी म्हटलेलं होतं. सासूनं, मालकानं, नवऱ्यानं. सांगताना प्रत्येक बाई आधी खाली बघायची.

त्याच वर्षांत पंचवटीत आमची माणसं आत जाऊ द्या म्हणून देवळाच्या दारात बसत होती. वाड्यातले पुष्कळ जण जायचे, मार खाऊन यायचे. मला तासन्‌तास बसणं जमत नव्हतं. मी एकदा गेले तेव्हा चौघांनी धरून उठवलं. पण तिथं एक बघितलं. नाही म्हणायला आवाज चढवावा लागत नाही. लोक नुसते बसले होते. हलत नव्हते.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी मला परत उशीर झाला. घमेल्याचं सगळं पुरं करूनच मी निघाले होते. आता मी घाई करत नव्हते. अण्णासाहेब दारात उभे होते. मुलं मागं होती.

"रोग परत आला वाटतं," ते म्हणाले. "काढ."

मी पाटी खाली ठेवली नाही.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं," मी म्हणाले. "तुमच्या मातोश्रींना किती सांगता, साहेब?"

"काय?"

"त्यांना बी सकाळी उठवत नाय. मूठ मिटत नाय. दुपारी बऱ्या असत्यात. तुम्हीच डॉक्टरला सांगितलं, मी भिंतीमागं होते. त्यांना उठाबशा किती?"

अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला नाही, पांढरा झाला. एका मुलानं मान खाली घातली. मला वाटतं हा तोच होता, ज्यानं मोजलं होतं. पण मी सांगू शकत नाही. मला त्यांचे चेहरे कधी नीट बघायला मिळालेच नव्हते.

"माझ्या आईचं नाव तू तोंडात घेतलंस," ते हळू म्हणाले.

"नाव नाय घेतलं. दुखणं घेतलं. ते दोघींचं एकच हाय."

त्यांनी काठी उचलली. मी तिथंच उभी राहिले. काठी वर होती. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की मारलं तर काठी विटाळेल, किंवा मुलं बघताहेत. त्यांनी ती खाली घेतली.

"चालती हो. परत इथं दिसू नकोस."

मी चालती झाले. पाटी त्यांची होती, ती दारात ठेवली. जपून ठेवली, आपटली नाही.

घरी कुणी हार घातले नाहीत. नवरा शनिवारी आला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुला काय गरज हुती?" मग तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. माझ्या जागी आमच्याच वाड्यातली एक बाई माती चाळायला गेली. मी तिला दोष देत नाही, तिला तीन लेकरं. काही जण म्हणाले, हिच्यामुळं गावातली आणखी कामं जातील. दोघांची गेलीही. ते माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. मी त्यांना काय सांगणार? माझी मूठ मिटायला लागलीय म्हणून सांगणार?

रविवारी मात्र नवरा माझ्या आधी उठला. त्यानं पाण्याचं घमेलं चुलीवर ठेवलं.

त्या वर्षी पावसाळ्यात फातमाबीचं मनगट फुगलं. लाल, गरम, हात लावू देईना. मामा म्हणाला, "हे माझ्या हातचं नाय. दवाखान्यात न्या." गावात एक धर्मादाय दवाखाना होता. पुढच्या दारानं सगळे आत जायचे, बाकांवर बसायचे. आम्हाला मागच्या अंगणात उभं करायचे, फातमाबीसारख्या फाटक्या माणसांनाही तिथंच. डॉक्टर खिडकीतून बघायचे. पुड्या खिडकीतून खाली टाकायचे.

आम्ही दोघी मागं उभ्या राहिलो. डॉक्टर खिडकीत आले. फातमाबीनं हात वर धरला. त्यांनी लांबून बघितलं. "वाताचं आहे. पुडी घे."

"साहेब, हात लावून बघा," मी म्हणाले. "आतून गरम हाय, का वरून, ते बघा. पाणी झालंय का बघा."

"तू कोण?"

"मला बी तेच हाय."

त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी घेतली. खिडकीच्या गजांतून बाहेर काढली आणि तिच्या टोकानं फातमाबीचं मनगट उचलून बघितलं. मेलेलं जनावर उलटं करून बघतात तसं. फातमाबीनं डोळे मिटले. मी तिचा दंड धरला आणि हात खाली घेतला. पट्टी हवेत तशीच राहिली.

"पट्टीनं नको," मी म्हणाले. "हातानं बघा."

"तुम्हाला हात लावला तर मला घरी जाऊन आंघोळ करावी लागेल. शंभर रोगी बसलेत इथं."

"करा आंघोळ. पाणी पुष्कळ हाय तुमच्याकडं."

त्यांनी खिडकी लावून घेतली. फातमाबी म्हणाली, चल. मी तिला घेऊन वळसा घालून पुढच्या दाराला आले. आत बाक होते, लोक होते. आम्ही आत गेलो नाही, पण मागंही गेलो नाही. पायरीवर बसलो. पाऊस पडत होता, पायरी ओली होती. येणारे-जाणारे लुगडी-धोतरं सावरून आमच्या कडेनं जात होते. एक बाई म्हणाली, "बसायला हीच जागा सापडली?" मी म्हणाले, "हो." दवाखाना बंद होईपर्यंत आम्ही तिथं होतो. त्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं नाही.

फातमाबीचं मनगट आपोआप उतरलं, पण वाकडं राहिलं. आता ती कांडकी भरू शकत नाही. त्या वेळी कुणी बघितलं असतं तर वाचलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण ते मला माहीत नाही, हेच मला सुटत नाही. सकाळी तिचा हात दिसला की मला वाटतं, आणखी एक हात माझ्या हिशोबी आला.

त्याला आता चार वर्षं होतील. बसरामामा गेला. घमेल्याशी आता मीच शिकवते, अकरा जणी येतात. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकली आहेत. बाकीची काम करतात. अजूनही सकाळी मला आधी मायचे हात जाणवतात, आणि अजूनही तो आवाज येतो. मी त्याला गप्प कर म्हणत नाही. येऊ दे. त्याला ऐकतच मी उठते.

दवाखान्यात आम्ही दर सोमवारी जातो. मागच्या अंगणात नाही. पुढच्या पायरीवर. कधी तिघी, कधी सात. एकदा शिपायानं हुसकलं, एकदा पाणी ओतलं, एकदा फौजदार आला आणि आमची नावं लिहून नेली. डॉक्टर बदलले. नवे तरुण आहेत. तेही बाहेर न येता पुढच्या खिडकीतूनच बोलतात. त्यांनी मागच्या सोमवारी विचारलं, "तुम्हाला नेमकं पाहिजे काय? पुड्या तर देतो आम्ही."

मी त्यांना सांगितलं. ज्याला आमच्या अंगाला हात लावायचा नाही, त्यानं आमच्या दुखण्याला नाव ठेवायचं नाही. आळशी म्हणायचं नाही, सोंगाड्या म्हणायचं नाही. आधी हात लावायचा, बघायचं, मग बोलायचं. तोपर्यंत पायरी आमची.

त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

उद्या सोमवार आहे. आम्ही जाणार आहोत.